सभागृहातील शेतीविषयक उत्तरे : खान्देशातील एका नियमित वाचकाचे परीक्षण

लोकसभा, राज्यसभा आणि महाराष्ट्र विधिमंडळ येथे लोकप्रतिनिधी शेतीविषयी जे प्रश्न विचारतात, त्यांना सरकारने दिलेली लेखी उत्तरे आज कोणालाही घरबसल्या आणि विनामूल्य वाचता येतात. ही एक सार्वजनिक सेवाच आहे, तिचा खर्च करदाते भरतात, आणि तरीही तिचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. चोपडा तालुक्यातील एका विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव म्हणून काम करताना सभासद नेहमी एकच गोष्ट विचारत असत : सरकारने दिले किती आणि त्यातले आपल्या गावात आले किती? बँकेच्या परिपत्रकात याचे उत्तर नसे आणि वर्तमानपत्रात अर्धेच असे, म्हणून सभागृहातील प्रश्नोत्तरे वाचण्याची सवय लागली आणि ती निवृत्तीनंतरही टिकली. माझे मत आधीच सांगून टाकतो. आकडा शोधणाऱ्याला ही सेवा बरेच काही देते, कारण शोधणाऱ्याला फारच थोडे देते, आणि तालुका किंवा महसूल मंडळाच्या (तालुक्यातील काही गावांच्या गटाच्या) पातळीवर काय घडले हे शोधणाऱ्याला बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत पाठवते.

प्रथम दिल्लीतील व्यवस्था. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तर राज्यसभेत ही संख्या अनुक्रमे १५ आणि १६० आहे. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी येते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्नाची लांबी साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. कृषी मंत्रालयाची उत्तरे लोकसभेत मंगळवारी आणि राज्यसभेत शुक्रवारी येतात, त्यामुळे अधिवेशन सुरू असताना आठवड्यातून दोनदा संकेतस्थळ उघडले तरी काम भागते. उत्तर त्याच दिवशी दुपारनंतर उपलब्ध होते. सरकारी कामकाजात हा वक्तशीरपणा दुर्मीळ असल्याने त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

दिल्लीच्या उत्तरांत वाचण्यासारखा भाग असतो तो शेवटी जोडलेल्या विवरणपत्रात. उदाहरणादाखल २० जुलै २०२१ रोजी लोकसभेत आलेले प्रधानमंत्री किसान सन्मान निधीविषयीचे उत्तर घ्या. देशभरात ४२ लाख १६ हजार अपात्र व्यक्तींच्या खात्यांत सुमारे २,९९२ कोटी रुपये गेल्याचे सरकारने त्यात मान्य केले आणि राज्यवार तक्ता जोडला. महाराष्ट्रासमोर ४ लाख ४५ हजार अपात्र लाभार्थी आणि सुमारे ३५८ कोटी रुपये असे आकडे होते. एखाद्या योजनेत काय चुकले याची इतकी स्वच्छ नोंद सरकारच्या स्वतःच्या प्रसिद्धिपत्रकात क्वचितच मिळेल. ती मिळाली, कारण कोणीतरी राज्यवार आकडा मागितला होता. गावात त्या सुमारास वसुलीच्या नोटिसा येऊ लागल्या तेव्हा आयकर भरणारे आणि पेन्शनर यांची नावे यादीतून वगळली जात आहेत, की निव्वळ आधार आणि बँक खाते जुळत नसल्याने खरा शेतकरीही वगळला जात आहे, असा प्रश्न लोकांना पडला. मात्र तक्ता राज्यापाशी थांबला होता. जळगाव किती, धुळे किती, नंदुरबारमधील वनपट्टेधारक किती, हे त्यातून समजण्याचा मार्ग नव्हता.

विवरणपत्राच्या आधीचा मजकूर मात्र वाचकाची परीक्षा पाहतो. प्रश्नाचे पाच भाग असतील तर उत्तराची सुरुवात ‘(क) ते (ङ)’ अशी एकत्र होते, म्हणजे कोणत्या भागाला उत्तर मिळाले आणि कोणता भाग वाटेत गळाला हे शोधण्याचे काम वाचकाकडे येते. त्यानंतर कृषी हा राज्यांचा विषय आहे हे वाक्य येते, मग केंद्राच्या योजनांची लांबलचक यादी, आणि तिच्याबरोबर एक आकडा. कृषी व शेतकरी कल्याण विभागाची तरतूद २०१३-१४ मधील २१,९३३.५० कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये १,२२,५२८.७७ कोटी रुपयांवर नेण्यात आली, हे विधान मी शेतकरी आत्महत्या, सेंद्रिय शेती, डाळींचे उत्पादन अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत वाचले आहे. आकडा खरा आहे. तो उलगडून पाहिला की त्याचे स्वरूप वेगळे दिसते. २०२४-२५ च्या तरतुदीत किसान सन्मान निधीचे ६०,००० कोटी, पीककर्जावरील व्याजसवलतीचे २२,६०० कोटी आणि पीक विम्याचे १४,६०० कोटी आहेत. या तीन बाबींतच एकूण रकमेचे जवळजवळ चार पंचमांश भाग संपतात. शिवाय व्याजसवलतीची रक्कम पूर्वी अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे दाखवली जात असे. ती २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात कृषी विभागाकडे आली, त्या वर्षी तिची तरतूद १५,००० कोटी रुपये होती. म्हणजे वाढीचा एक भाग नव्या पैशाचा नसून खाते बदलल्याचा आहे. सोसायटीच्या ताळेबंदात असा बदल केला तर लेखापरीक्षक खाली टीप लिहायला लावतो. उत्तरात ती टीप मी कधी पाहिलेली नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतराचा आहे. प्रश्न ‘किती तरतूद केली’ असा असेल तर उत्तर तरतुदीचेच येणार, त्यात अधिकाऱ्याचा दोष नाही. किसान सन्मान निधीसाठी २०१९-२० मध्ये ७५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. सुधारित अंदाजात ती ५४,३७० कोटींवर आली आणि प्रत्यक्ष खर्च सुमारे ४८,७१४ कोटींचा झाला. पहिल्या आकड्यावर भाषणे झाली, तिसरा आकडा दोन वर्षांनी अर्थसंकल्पाच्या कागदांत छापला गेला. याहून मोठी गोष्ट प्रश्नोत्तरांत ठळकपणे न येता कृषीविषयक संसदीय स्थायी समितीच्या मार्च २०२३ मधील अहवालात आली : कृषी विभागाने २०२०-२१ मध्ये २३,८२४.५४ कोटी, २०२१-२२ मध्ये ४२९.२२ कोटी आणि २०२२-२३ मध्ये, तेव्हाच्या तात्पुरत्या हिशोबानुसार, १९,७६२.०५ कोटी रुपये परत केले होते. विभागाने कारण असे दिले की ईशान्येकडील राज्ये, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी क्षेत्र उपयोजना या घटकांखाली पैशाची गरज कमी भासली. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या उतारावर भगर आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला हे कारण वाचून दाखवले तर तो काय म्हणेल याची कल्पना खान्देशातील वाचकाला असेलच. ‘आदिवासी उपयोजनेखाली नंदुरबार जिल्ह्यात कोणत्या योजनेचा किती निधी अखर्चित राहिला आणि मागणी कोणी नोंदवली नाही’ हा प्रश्न याच अहवालातून तयार होतो.

उत्पन्नाविषयीच्या उत्तरांबद्दलही हेच म्हणावे लागेल. शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट झाले का, या प्रश्नावर सरकार राष्ट्रीय नमुना पाहणीचे दोन आकडे देते : शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये आणि २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये. त्यासोबत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संकलित केलेल्या ७५,००० यशस्वी शेतकऱ्यांच्या कहाण्यांचा उल्लेख येतो. मात्र त्याच पाहणीत १०,२१८ रुपयांची फोड उपलब्ध आहे, आणि ती सांगते की मजुरीतून ४,०६३ रुपये तर पिकांतून निव्वळ ३,७९८ रुपये मिळाले. शेतकरी म्हणून मोजलेल्या कुटुंबाला स्वतःच्या शेतापेक्षा मजुरीतून जास्त मिळते, हा त्या पाहणीतला सर्वांत बोलका निष्कर्ष उत्तरात येत नाही, कारण तो कोणी विचारत नाही. हमीभावाचेही तसेच. २०२५-२६ हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल असा भाव जाहीर झाला आणि तो उत्पादन खर्चाच्या दीडपट असल्याचे उत्तर खरेच आहे. मध्यम धाग्यासाठी धरलेला खर्च ५,१४० रुपये आहे आणि त्याची दीडपट ७,७१० होते. पण या खर्चात प्रत्यक्ष निविष्टा आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच धरलेले असते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज त्याबाहेर राहते. आणि आपल्याकडे तर पारोळा, एरंडोल, धरणगाव भागात बोंडे फुटली की पैशाची निकड असणारा शेतकरी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, हमीभावाखालीच माल मोजून देतो, कारण कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत दाखवावा लागतो आणि केंद्र उघडेपर्यंत थांबण्याची त्याची ऐपत नसते. जाहीर भावाने किती माल विकला गेला आणि किती त्याखाली गेला, हा प्रश्न हमीभावाच्या प्रश्नाइतकाच नियमितपणे विचारला गेला पाहिजे.

नव्या वाचकाला एक व्यावहारिक सूचना. शेतीचे सर्व प्रश्न कृषी मंत्रालयाच्या यादीत शोधू नयेत. कापूस खरेदीचे उत्तर वस्त्रोद्योग मंत्रालय देते, खतांचे रसायने व खते मंत्रालय, सिंचनाचे जलशक्ती, नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे गृह, केळीच्या निर्यातीचे वाणिज्य आणि पीककर्जाचे बहुधा अर्थ मंत्रालय. सार्वजनिक खर्चाचा अंदाज घ्यायचा तर हे विखुरलेपण लक्षात ठेवणे भाग आहे. २०२४-२५ मध्ये खत अनुदानाची तरतूद १,६४,००० कोटी रुपयांची होती, म्हणजे संपूर्ण कृषी विभागाच्या तरतुदीपेक्षाही अधिक, आणि ती कृषी मंत्रालयाच्या कोणत्याही उत्तरात मोजली जात नाही.

आता ज्या पिकावर रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर या तालुक्यांचा संसार चालतो त्या केळीकडे येतो, कारण या सेवेची खरी कसोटी तिथेच लागते. केंद्र ज्या २२ पिकांना हमीभाव जाहीर करते त्यांत केळी नाही. त्यामुळे भाव कोसळल्यावर दिल्लीत प्रश्न गेला की उत्तर बाजार हस्तक्षेप योजनेकडे बोट दाखवते. नाशवंत मालाचा भाव मागील सामान्य हंगामाच्या तुलनेत किमान १० टक्क्यांनी उतरला तर राज्य सरकारच्या प्रस्तावावरून ही योजना लागू होते; तोटा केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा वाटून घेतात. २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने खरेदीची मर्यादा उत्पादनाच्या २० टक्क्यांवरून २५ टक्के केली आणि प्रत्यक्ष खरेदीऐवजी भावातील फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करण्याचा पर्यायही दिला. कागदावर ही तरतूद केळी उत्पादकाच्या कामाची आहे. परंतु ‘राज्याच्या प्रस्तावावरून’ या शब्दांपाशी दिल्लीचे उत्तर संपते, आणि पुढचा प्रश्न मुंबईत किंवा नागपुरात विचारावा लागतो : राज्याने प्रस्ताव पाठवला का, केव्हा पाठवला, नसल्यास राज्याच्या वाट्याचा निम्मा तोटा सोसण्याची तयारी नाही असे समजावे काय? एकाच विषयाचे दोन तुकडे दोन सभागृहांत पडलेले असतात आणि ते जोडण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नाही. खासदार आणि आमदार एकाच पक्षाचे असले तरी ते एकमेकांची उत्तरे वाचून पुढचा प्रश्न तयार करतात, असे मला तरी दिसलेले नाही.

राज्य विधिमंडळाच्या उत्तरांचा ढंग निराळा आहे. ‘सन्माननीय कृषी मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘अमुक घडले, हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. या साच्याचा मोठा गुण असा की प्रश्नात गावाचे, प्रकल्पाचे, तालुक्याचे नाव येते. दिल्लीच्या उत्तरात जे कधीच सापडत नाही ते येथे पहिल्याच ओळीत असते, आणि तेही मराठीत. पण हाच साचा उत्तर देणाऱ्याला पळवाटही देतो. प्रश्नकर्त्याने पाच गोष्टी एका वाक्यात गोवल्या आणि त्यातील एक तारीख चुकली, तर ‘हे खरे नाही’ एवढे म्हणून मोकळे होता येते आणि पुढील सर्व भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिता येते. ‘हे अंशतः खरे आहे’ हा प्रकार मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यानंतर सरकारला कोणता अंश खरा हे सांगावे लागते आणि त्या दोन परिच्छेदांत बहुधा सर्वेक्षणाचे हेक्टर, पात्र शेतकऱ्यांची संख्या आणि वितरित रक्कम दिलेली असते. ज्या आमदारांचे प्रश्न ‘अंशतः खरे’ या उत्तरापर्यंत पोचतात त्यांचे स्वीय सहायक अभ्यासू आहेत, असा माझा अनुभवाने बनलेला समज आहे.

अतारांकित प्रश्नोत्तरांच्या यादीत मंत्र्याच्या नावापुढे कंसात उत्तराची तारीख छापलेली असते, ती अवश्य पाहावी. मूळ प्रश्न एका अधिवेशनातील आणि उत्तर त्यानंतर कित्येक महिन्यांनी, असे आढळणे नवलाचे नाही. वादळाने आडव्या झालेल्या केळीच्या पंचनाम्याविषयीचे उत्तर त्याच जागेवर नवी लागवड निसवल्यावर (तिचे घड बाहेर पडल्यावर) वाचायला मिळाले, तर ते इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी. बागायतदाराला त्याचा काहीही उपयोग नाही. दिल्लीच्या वक्तशीरपणाशी तुलना केली की हा दोष अधिकच डोळ्यांत भरतो.

हवामानावर आधारित फळपीक विम्याबाबत दोन्ही ठिकाणची उत्तरे सारखीच अपुरी पडतात. या विम्यात थंडी आणि उष्णतेच्या धोक्यासाठी शेतातील नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर हिवाळ्यात किमान तापमान ठरलेल्या अंशाखाली सलग किती दिवस राहिले, उन्हाळ्यात पारा ठरलेल्या अंशावर किती दिवस राहिला, यावरून भरपाई ठरते. म्हणजे हा व्यवहार मंडळाच्या पातळीवर चालतो. उत्तरात मात्र जिल्ह्याची बेरीज येते : विमा उतरवलेले शेतकरी इतके, पात्र इतके, रक्कम इतकी. आमच्या भागात एका हंगामात शेजारच्या मंडळाला भरपाई मिळाली आणि आम्हाला मिळाली नाही. विमा कंपनीकडे विचारणा केली तर ‘निकष पूर्ण झाले नाहीत’ एवढेच उत्तर आले, आणि त्या वर्षीच्या सभागृहातील उत्तरात जिल्ह्याचा आकडा इतका मोठा होता की आमच्या मंडळाची वगळणूक त्यात दिसण्याचे कारणच उरले नाही. मोठी बेरीज लहान फरक झाकते, आणि केळीच्या बाबतीत सर्व तंटा त्या लहान फरकाचाच असतो.

आणखी एक अडचण खान्देशाच्या वाट्याला विशेष आली आहे, ती राजकीय यशातून आलेली असल्याने तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. रावेरच्या खासदार रक्षा खडसे जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळात गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल यांचा समावेश झाला. जिल्ह्यांना मंत्रिपदे मिळाली याचा आनंद रास्त आहे, पण त्याबरोबरच देशातील केळीच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एकाचा लोकसभेतील प्रश्न विचारणारा आवाज आणि जामनेर, जळगाव ग्रामीण, भुसावळ व शिंदखेडा या चार मतदारसंघांचा विधानसभेतील तारांकित प्रश्नांचा मार्ग बंद झाला. पणन खाते रावल यांच्याकडे आणि तापी खोऱ्याचे जलसंपदा खाते महाजन यांच्याकडे आले, म्हणजे बाजार समित्यांविषयी आणि पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाविषयीची उत्तरे आता खान्देशातीलच मंत्र्यांच्या सहीने येणार. नव्वदच्या दशकात हाती घेतलेला तो प्रकल्प दोन दशके उलटून गेली तरी अपूर्ण राहिला, आणि त्यावरील प्रश्नोत्तरे एकापुढे एक ठेवून वाचली तर किमती कशा वाढत गेल्या आणि पूर्ततेची वर्षे कशी पुढे सरकत गेली याचा तो एक अखंड दस्तऐवज ठरेल. अमळनेरच्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम विद्यार्थ्यांना द्यायला हवे.

काही उत्तरे माहिती देत नाहीत, पण त्यांचाही उपयोग असतो. ‘माहिती संकलित करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे केंद्राने लिहिले की ते आश्वासन मानले जाते आणि तीन महिन्यांत त्याची पूर्तता करणे अपेक्षित असते. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आणि राज्यसभेची १९७२ पासून हे काम पाहते. राज्य विधिमंडळातही अशी समिती आहे. ‘विषय विचाराधीन आहे’ हे शब्दही आश्वासनात गणले जातात, त्यामुळे ते वाचून निराश होण्याऐवजी उत्तराचा क्रमांक आणि दिनांक टिपून ठेवावा. याउलट ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर कोणतीही जबाबदारी घेत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी लोकसभेत तीन कृषी कायद्यांविरोधातील आंदोलनात मृत्यू पावलेल्या शेतकऱ्यांविषयी विचारले असता कृषी मंत्रालयाकडे याची नोंद नाही आणि म्हणून आर्थिक साहाय्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर देण्यात आले. नोंद ठेवायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून पुढचा विचार करायचा नाही, ही युक्ती पुढेही वापरली जाऊ शकते, म्हणून हे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संकेतस्थळांबद्दल थोडक्यात सांगतो. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्य, अधिवेशन आणि दिनांक यांवरून शोध घेता येतो आणि जुनी उत्तरे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जपलेली आहेत. उत्तरे इंग्रजी आणि हिंदीत आहेत. आमच्या वयाच्या वाचकाला हिंदी प्रत पुरते, मात्र तिची भाषा इतकी शासकीय असते की ‘व्यय’ आणि ‘परिव्यय’ यांतील फरक नीट न पाहिल्यास तरतूद ही खर्च म्हणून वाचली जाते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर याद्या मराठीत आहेत, पण एकेका फाइलमध्ये अनेक प्रश्न असल्याने आपला तालुका शोधायचा तर पाने चाळण्यावाचून इलाज नाही. तालुकावार शोधाची सोय झाली तर या सेवेचे वाचक कितीतरी पटींनी वाढतील.

पर्याय म्हणून माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्कात तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे आणि मंडळनिहाय माहिती मिळवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. राज्याचा खर्च पाहायचा असल्यास राज्य सरकारच्या बीम्स या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर विभागाची तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च वेगवेगळे दिसतात, त्यामुळे मंत्र्यांच्या उत्तरातील आकडा कोणत्या रकान्यातून उचलला आहे हे पडताळता येते. पण माहिती अधिकारातील कागद एका अर्जदाराच्या कपाटात राहतो, आणि बीम्सवरील आकड्यामागे कोणी मंत्री उभा नसतो. सभागृहातील उत्तर चुकीचे निघाले तर मंत्र्याला सभागृहातच दुरुस्ती करावी लागते. हे वजन इतर कोणत्याही सरकारी कागदाला नाही, म्हणून त्रुटी असूनही मी ही सेवा पीक विम्याचे अर्ज भरून देणाऱ्या प्रत्येक केंद्रचालकाला, सोसायटीच्या सचिवाला आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाला वापरण्याचा सल्ला देईन. उत्तर वाचण्याआधी प्रश्न वाचावा, मजकुराआधी विवरणपत्र पाहावे, आणि आकडा दिसला की तो अर्थसंकल्पीय अंदाज आहे, सुधारित अंदाज आहे की प्रत्यक्ष खर्च, हे शेजारी पेन्सिलीने लिहावे.

पुढील अधिवेशनासाठी आमच्या भागातील काही केळी उत्पादकांनी एक मसुदा तयार केला असून तो मंत्रिपद नसलेल्या आमदाराकडे द्यायचे ठरले आहे. त्यात गुंतागुंतीचे वाक्य मुद्दाम टाळले आहे आणि एका भागात एकच गोष्ट विचारली आहे : जळगाव जिल्ह्यातील प्रत्येक महसूल मंडळात गेल्या तीन हंगामांत फळपीक विम्याखाली किती हेक्टर केळी होती, त्या मंडळातील हवामान केंद्र किती दिवस बंद होते, बंद काळातील नोंदी कोणत्या केंद्रावरून घेतल्या, शेतकरी, राज्य आणि केंद्र यांनी मिळून किती विमा हप्ता भरला, आणि कंपनीने त्या मंडळात प्रत्यक्ष किती रक्कम दिली व कोणत्या तारखेस दिली. ‘हे खरे आहे काय’ हे शब्द मसुद्यात कोठेही नाहीत.